सात मिनिटं कमी

गुरुवारी रात्री रुवीच्या थिएटरात
मुश्ताक पारकर आणि मी
खांडेपारकरचा नवा सिनेमा पाहून आलो.
तिकीट तीन रियाल. मुश्ताकने वहीत खर्च टाकला
भुताच्या नावावर.

वाईट होता असं म्हणवत नाही.
चांगला म्हणावं तर
त्यातली लिफ्ट दोर तुटून अकरा मजले कोसळते.
अहो, अशी पडत नाही लिफ्ट.
सहा दोर असतात, गव्हर्नर असतो,
वेग वाढला की जबडे रुळांना चावतात.
बावीस वर्षं त्या उभ्या काळोखात मी ग्रीस लावतोय,
आणि हा माझ्या पोटावर पाय देऊन
टाळ्या घेतो.

त्याच्या पहिल्या सिनेमात काहीच नव्हतं.
देवरुखला, शाळेच्या पटांगणात, ठिगळाच्या पडद्यावर
एक कडी. आतून लावलेली.
ती सरकते, बोटभर.
बस.
महिनाभर मी परसाकडे एकटा गेलो नाही.

आता पैसा आलाय. भुताला दात आलेत,
दातागणिक वेगळा आवाज.
पण म्हातारी गॅसचं बटण तपासायला
मेल्यावरही रोज रात्री उठते,
तिथे मी चष्मा काढून पुसला. तेही खरं.

शेजारी एक ओमानी पोरगा,
खालची अरबी अक्षरं भराभर वाचणारा,
किंकाळीच्या आधीच दचकायचा.
मी त्याला बघून दचकायचो.
त्या रात्री भीतीसुद्धा
उजवीकडून डावीकडे आली.

आणि मध्येच
बाई जिना चढते, खोलीचं दार ढकलते,
की एकदम सकाळ. ती अंगणात. केस सुटलेले.
इथल्या कात्रीने सात मिनिटं खाल्लेली.

ती सात मिनिटं मी वादी कबीरला घेऊन आलो.
चार रात्री, शाफ्टमध्ये, बॅटरी दातांत धरून
त्या दारामागे मी काय काय ठेवलं
ते मुश्ताकलाही सांगितलं नाही.

सोमवारी चिपळूणला भाच्याला फोन लावला.
तिथे काय होतं रे?
"कुठे? हां, ते. काही नाही मामा,
नवऱ्याबरोबर गाणं आहे. चुंबन वगैरे."
मी म्हटलं, बरं. आईचं औषध आणलंस का?

आज हमरियाला कॉल होता.
लिफ्ट चौथ्यावर आपली आपण थांबते,
दार उघडते, कुणी नसतं.
सेन्सरवर धूळ. पुसली.
तक्त्यात लिहिलं : कारण, धूळ.
सही केली.
आणि जिन्याने उतरलो.