सहाव्या रात्रीचा अर्ज

स्टॉकटन. पहाटेचे तीन.
उशीवर एका अंगाने कशीबशी बसले आहे
आणि लॅपटॉप विचारतोय,
काम करता न येण्याचं कारण.

यादीत कंबर आहे, मणका आहे,
शिडीवरून पडणं आहे,
आणि त्यांच्याच रांगेत मी.
अपंगत्व कधीपासून सुरू झालं?
मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी,
साडेसहा पौंडांचं,
डोक्यावर भरपूर जावळ घेऊन.

"अपंग कशाला?" आई फोनवर म्हणाली,
"बाळंतीण म्हण की त्यांना."
तेवढा एक रकाना नाहीये, आई.
"बरं, दिवस किती देतायत?"
सहा आठवडे.
तिने बोटांच्या पेरांवर मोजलं.
"म्हणजे सव्वा महिना, वर चार-पाच दिवस.
शहाणं दिसतंय तुमचं सरकार."

पगारातले किती मिळणार, ते मी सांगितलं नाही.
पहिले सात दिवस कोरडे, हेही नाही.
ते नुसते वाट बघायचे असतात.

आज त्यातला सहावा.
पाटा-वरवंटा नाही म्हणून
मिक्सरच्या भांड्याला हळदकुंकू वाहिलं,
शेजारी कोरा कागद आणि क्रेडिट युनियनचं बॉलपेन.
रात्री सटवाई येते, तिकडे बघायचं नसतं.
मी बघत नाहीये.
मी इथे जन्मतारखेच्या चौकटीत
महिना आधी की दिवस आधी, यात अडकलेय.
बाईंचं बरं आहे. त्या कपाळावर लिहितात,
तिथे खाडाखोड चालते की नाही
कुणी विचारायला जात नाही.

सकाळी कागद कोराच होता.

सोळाव्या दिवशी पाकीट आलं: नावं जुळत नाहीत.
दातांच्या दवाखान्याच्या पगारपत्रकावर मी इंगवले,
डॉक्टरांच्या दाखल्यावर तांबवेकर.
एका बाईच्या दोन बायका झाल्या
आणि पैसे दोघींनाही नाहीत.
घरभाड्याला मात्र कुठलंही नाव चालतं.

आठच्या ठोक्याला फोन लावला.
तेच ते सनईसारखं काहीतरी, लग्न लागत नसलेलं,
बासष्ट मिनिटं.
मग एक खरा आवाज, मारिसोल म्हणून,
आणि नेमकी तेव्हाच पोरगी उठली,
अख्ख्या इमारतीला कळेल अशी.
प्लीज, फोन ठेवू नका, मी म्हटलं,
प्लीज.
"घ्या तिला आधी. मी थांबते."

थांबली. मी पाजेपर्यंत
पलीकडे कीबोर्डसुद्धा वाजला नाही.
मग हळूच म्हणाली, "मी तिसऱ्या आठवड्यात कामावर आले होते.
तेव्हा दुसरीकडे होते, त्या राज्यात हे नव्हतं."
एवढंच. आणि पुन्हा सरकारी आवाज,
"जन्मतारीख सांगा. तुमची, बाळाची नव्हे."
तिने दिलेला नंबर लिहून घ्यायला
हाताशी दुसरं काही नव्हतं.
सटवाईच्या कागदावर दहा आकडे उतरवले.

निनादचा अर्ज वेगळा.
तिथे अपंगत्व नाही, बाँडिंग आहे.
म्हणजे काय गं, आईने विचारलं,
आणि मला एकच शब्द सापडला: लळा.
बापाला लळा लागायला आठ आठवडे,
सरकारने मंजूर केलेत.
ट्रेसीच्या गोदामात त्याचा मुकादम हसला होता,
तू काय दूध पाजणारेस?
आई हसली नाही.
"तुझ्या बाबांनी तुला घेतलं ते थेट बारशाला,"
ती म्हणाली, "तेही फोटोपुरतं."
मग बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला
तिच्याकडचा.

शेवटचं पान: नात्याचा पुरावा जोडा.
निनाद, हॉस्पिटलचे कागद दे रे इकडे.
तो हलला नाही.
फोर्कलिफ्ट चालवून राठ झालेला तळवा
तिच्या पाठीवर तसाच पसरलेला.
"छातीवर झोपलीय," कुजबुजला,
"हात मोकळा नाही."