अकरा बरण्या

ऑगस्टात दलदलीत वाकून वेचलेली बेकॲपल,
चिलटांनी कानामागे फोडून काढलं तेव्हाची.
त्यांच्या अकरा बरण्या गेल्या, प्रत्येकी वीस डॉलर.
दोनशे वीस.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
एवढ्यात अर्धं छप्परही शिवून होत नाही,
आणि मला तर समुद्रापलीकडचं ऐकायचं होतं.

स्कूलबस चालवते मी. सकाळी एकोणीस पोरं, दुपारी अठरा,
एक आजीकडे चालत जातो.
मधल्या वेळात स्टिअरिंगवर वही टेकवून हिशेब.

तीस डॉलरचा होता: अंगठ्याएवढा,
जन्मला टीव्ही पकडायला,
मीडियम वेव्हच्या तळघरात त्याला खिडकीतून उतरवावं लागतं.
आठ बिट. म्हणजे दोनशे छप्पन पायऱ्या.
टेकडीमागचा आमचा मनोरा एकदा हवामान सांगू लागला
की सगळ्या पायऱ्या त्याच्याच पायाखाली,
कुजबुजणाऱ्याला एकही उरत नाही.

सातशेचा होता.
त्याचा फक्त फोटो पाहिला.
पुष्कळ वेळ पाहिला.

आणि एकशे साठचा. चौदा बिट,
काळं प्लास्टिक, चार स्क्रू, त्यातला एक तिरपा.

आल्फियस कीपिंगला विचारलं. तो तीस वर्षं किनाऱ्याच्या रेडिओवर
बुडणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचा.
आता जाळी विणतो, विकत नाही.
म्हणाला, "ड्यूलसी, हे डबे सगळे बरेच असतात.
तार किती टाकणार ते सांग."

उरलेल्या साठात कुंपणाची जुनी तार, दोनशे चाळीस मीटर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक.
पण अंथरूण म्हणजे अख्खं माळरान असेल तर?
खुज्या स्प्रूसच्या डोक्यांवरून, पूर्वेकडे,
गुडघाभर बर्फात पसरत गेले.
मूस हरणाने दोनदा तोडली.
दुसऱ्यांदा शिंगावर वीस मीटर घेऊन गेलं. घे बाबा.

मग घरातला गोंगाट.
पडद्यावर पिवळ्या रेघांचा धबधबा, आणि त्यावर
दर अर्ध्या मिनिटाला एक जाड करवत.
एलईडी दिवा बंद केला. चार्जर उपटला. फ्रीझर उपटला,
आत कॉड होता, देवाने बघावं.
करवत चालूच.
शेवटी आईच्या पाठीखालची शेकायची गादी.
अंधारात कोट घालून बसली ती, म्हणाली,
"तुझ्या त्या माणसांना सांग, लवकर बोला."

पावणेचार. इथे अजून ऊन, तिकडे रात्र पडलेली.
आमची स्टेशनं दहा-दहाच्या अंतरावर उभी,
त्यांची नऊ-नऊच्या.
म्हणून ती आमच्या दोन घरांमधल्या बोळातून येतात.
एक हजार चव्वेचाळीस:
आधी नुसती शिट्टी,
मग एक केसाएवढी रेघ,
रेघेवर माउस नेला तर
माणूस.

भाषा कुठली कळली नाही.
बातम्या असाव्यात, किंवा माशांचे भाव,
आकडे वाचल्यासारखा ठेका होता.
मध्येच थांबला, खोकला,
पानाचा आवाज,
पुन्हा वाचू लागला.
पाच मिनिटं. मग बोळ बंद.

हा डबा अख्खा पट्टा साठवून ठेवतो,
गेलेला तास पुन्हा उघडून त्यात हिंडता येतं.
म्हणून दुसऱ्या दिवशी, पोरं सुटायच्या आधी,
बसमध्ये हेडफोन लावून परत ऐकलं.
नाव नाही सांगितलं त्याने. गावही नाही.
वहीत तारीख, वेळ लिहिली,
आणि स्टेशनच्या रकान्यात: खोकला.

आल्फियसने वही पाहिली. त्या रकान्यावर बोट ठेवून
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, तारेचा शेवटचा खांब हलतोय, उद्या येतो.

आईने गादी लावली आहे.
मी अजून काही बोललेले नाही.
साडेतीन वाजलेत.