तीन केसांचा ब्रश

दांडिया बाजारात, जिन्याच्या अर्ध्यावर,
‘गुप्ते आणि कंपनी’.
कंपनी म्हणजे मी. मॅट्रिक नापास, हात स्थिर,
पगार बेचाळीस रुपये आणि दुपारचा चहा.

माझं काम ठिपक्यांचं.
निगेटिव्हवर काळं काही बसलं
की प्रिंटवर उमटतो पांढरा ठिपका,
नवरदेवाच्या फेट्यावर, बारशाच्या कुंचीवर, कुठेही.
तीन केसांचा ब्रश जिभेवर ओला करून
मी तो राखी शाईने भरायचे,
असा की कधी नव्हताच.

मधुसूदन गुप्ते गिऱ्हाइकाला म्हणत, “हलू नका.”
माणसं श्वास धरत.
एखाद्याचे डोळे हमखास मिटत.
रात्री आठला शटर अर्धं ओढून
ते मला दुसरेच फोटो दाखवत,
परदेशी मासिकांतून कापलेले,
एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटात जपलेले.

“सेकंदाचे दहा लाख तुकडे कर. त्यातला हा एक.
पात्याचं शटर इथे चालत नाही,
पातं हलेपर्यंत सगळं होऊन जातं.
आणि एका कॅमेऱ्याला एकच फोटो,
म्हणून दहा-बारा ओळीने मांडायचे.”

मला दिसलं बुरशी आलेलं कवठ.
खालून तीन काटे फुटलेले.
“काटे नव्हेत. मनोऱ्याच्या ताणाच्या तारा.
त्या आधी जळाल्या.”
मनोरा कुठाय, मी विचारलं.
त्यांनी कवठावर बोट ठेवलं.

दुसऱ्या कात्रणात घर. नवंकोरं, पांढरं,
फक्त जळण्यासाठी बांधलेलं.
आत जेवणाचं टेबल, खुर्च्यांवर बाहुल्या.
कॅमेऱ्याला शिशाची पेटी.
बाहुल्यांना सुती झगे.
त्यांना कुणी “हलू नका” म्हटलं नसेल.

आणि एक फोटो, जो त्यांच्याकडे नव्हता,
नुसता सांगत:
वाळवंटातली पहिली राख ढगाबरोबर दूर गेली,
कुठल्याशा नदीत उतरली,
नदीचं पाणी पुठ्ठ्याच्या गिरणीत,
पुठ्ठा फिल्मच्या खोक्यात.
खोकं बंद. काळोख पक्का.
तरी फिल्मवर ठिपके.
“लेन्सशिवाय काढलेला,” ते म्हणत,
आणि दिवा घालवत.

चौऱ्याहत्तरचा वैशाख. रेडिओ बोलला,
खाली कुणी पेढे वाटले, आम्हीही खाल्ले.
मग पेपरात आला फोटो: माती.
गुप्त्यांनी भिंग लावलं, भिंगात छपाईची जाळी.
“जमिनीखाली केलंय. काढणार तरी काय?
वरची माती जेवढी हलली तेवढीच.”
तेही कात्रण पाकिटात गेलं.

त्याच महिन्यात
कर्णिकांच्या हेमलताच्या लग्नाचा रोल धुतला.
गालावर, कपाळावर, नऊ ठिपके.
“आजव्याचं पाणी,” गुप्ते म्हणाले. “तळाचा गाळ येतोय.”
नळाला फडकं बांधलं. दुहेरी बांधलं.
थोड्या वेळाने म्हणाले, “रोलही जुनाच होता म्हणा.”
मग, मी काही विचारलं नसताना,
“पाणीच.”

आठ मी भरले.
नववा होता नाकपुडीवर,
इतका नेमका, इतका साजरा
की चमकी म्हणून राहू दिला.
तिच्या सासरी तो फोटो चौकटीत लागला.

स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
परवा हेमलताची नात आली,
तो फोटो स्क्रीनवर दोन बोटांनी ताणत:
“आजी, तुम्हीच ना तिथे होता?
हिचं नाक तर कधी टोचलेलंच नव्हतं.
मग हे काय चमकतंय?”

पाणी, मी म्हटलं. आजव्याचं.
आणि इतक्या वर्षांनी
जीभ आपोआप टाळूला लागली,
ब्रशची चव शोधत.