उणे

हॅमरफेस्टला नोव्हेंबर सरताना
सूर्य रजेवर जातो, तो जानेवारीतच परततो.
तोवर थोरगेयरच्या खिडकीत
एक पडदा तेवढा उजळलेला.

त्यावर तो एकच ओळ लिहितो:
संकलनाची लांबट खूण, दोन उतार, त्यांचा गुणाकार.
कळ दाबतो,
आणि यंत्र त्या ओळीच्या साडेचार हजार करतं,
जाळीतल्या प्रत्येक तुकड्यासाठी
कंसात कंस, गुणकात गुणक,
माणसानं वाचू नयेत अशा.
माणूस वाचतही नाही.

बहीण सीग्नी मासे साफ करता करता विचारते,
"हे विकतोस कितीला?"
"विकत नाही. ठेवून देतो. हवं त्यानं न्यावं."
"म्हणजे फुकट."
"मोकळं," तो म्हणतो.
ती सुरी पुसते, हसत नाही.

मग एका रात्री
चिलीच्या दक्षिणेकडून मिलाराय अंतिलेओ नावाच्या कुणाचं पत्र:
*आमच्या नदीवर लाकडी पूल आहे.
त्यावर माणूस उभा राहिला की फळी खाली जाते.
तुमच्या हिशेबात वर येते.
चूक माझीच असेल, पण एकदा बघाल का?*

थोरगेयर आधी हसला.
मग त्यानं त्या साडेचार हजार ओळी
आयुष्यात पहिल्यांदा वाचायला घेतल्या,
बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारख्या.
तिसऱ्या रात्री,
तीन हजार एकशे बाराव्या ओळीवर
बोट थांबलं.
अधिक हवं तिथे उणे.
फक्त त्रिकोणी लोलकांसाठी, बाकी सगळं बिनचूक.
पाच वर्षं.

कुणी नेलं असेल? कशासाठी?
धरण? कुणाच्या हृदयाची झडप?
मोकळं सोडलेल्याची यादी नसते.
सीग्नीनं कॉफी ठेवली, तिची साय धरली,
तरी तो तसाच.

त्या ओळींना त्यानं हात लावला नाही.
जिथून त्या येतात, तिथे उतरला,
एक आडवी रेघ होती,
तिला एक उभी दिली.
लेखकांच्या यादीत, स्वतःच्या नावाखाली,
मिलारायचं नाव लिहिलं.
मग ज्यांचे पत्ते ठाऊक नाहीत
अशा सगळ्यांसाठी दोन वाक्यं:
लोलक वापरले असतील तर
हिशेब पुन्हा करा. चूक माझी.

उत्तर एकच आलं, चार दिवसांनी:
*आता फळी दोन बोटं खाली जाते.
मी तिथे जाऊन उभी राहून आले.*