डोंगर धरून

हॉलमधून डोंगर दिसला तर एकवीस हजार,
मागच्या बाजूचा घेतला तर एकोणीस,
दिवेश भोईर म्हणाला,
खारघर, सेक्टर पस्तीस, सातवा मजला,
चाव्यांचा जुडगा बोटावर फिरवत.
मी मागचा घेतला.
दोन हजारांत माझा गॅस येतो, दूध येतं,
आणि डोंगर काही रोज बदलत नाही.

"एकट्याच?" सेक्रेटरीनं विचारलं.
हो म्हटलं. मग त्यानं
पाहुण्यांच्या वेळा सांगितल्या, ओला कचरा, सुका कचरा,
आणि कुत्रा नसल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

करार करणारा मुलगा घरीच आला.
टेबल अजून नव्हतं, लॅपटॉप ओट्यावर.
पंखे तीन. ट्यूबा चार.
गीझर एक, चालू स्थितीत.
बाथरूमच्या खिडकीची एक काचपट्टी नाहीये,
तेही लिहा, मी म्हटलं,
नाहीतर डिपॉझिटमधून कापाल.

मालकीणबाई ओवे गावातून रिक्षानं आलेल्या.
बामाबाई मढवी.
नऊवारी, आणि पायात नातवाच्या सँडल.
सिडकोत गेलेल्या शेताच्या बदल्यात
जे काही आलं, त्यातलं हे एक दार.

मी यंत्रावर अंगठा ठेवला. हिरवा.
त्यांनी ठेवला. लाल.
पदराला पुसून ठेवला. लाल.
डावा. लाल.
आजी, तुमच्या बोटाला रेघाच नाहीत, मुलगा म्हणाला.
"कशा असतील?
लगीन झाल्यापासून त्या डोंगरावरून फाटी आनली,
मंग खानीवर खडी फोडली.
रेघा तिथंच गेल्या सगल्या."

मग पदर मागे सारून
त्यांनी अंगठा भांगातल्या तेलावर घासला, दोनदा,
आणि टेकवला.
हिरवा.
अकरा महिन्यांसाठी मी या जागेची झाले
खोबरेल तेलाच्या भरवशावर.

जाताना त्यांनी पाय धुवायला मागितलं.
बराच वेळ पाण्याचा आवाज नाही.
दारापाशी गेले तर बाई
बादलीच्या काठाला धरून, टाचा उचलून,
निखळलेल्या पट्टीच्या फटीला डोळा लावून उभ्या.
"हितून दिसतंय की गं!
त्यो पांढरा भाग हाय ना, ती आमची खान."
मला खांद्याला धरून पुढे केलं.
समोरच्या दोन बिल्डिंगींच्या मधे
तीन बोटं डोंगर.
"दिवेशला नको बोलू,"
माझ्याच भाड्याच्या मालकीणबाई हळूच म्हणाल्या,
"दोन हजार वाढवील."

आता मी दात तिथेच घासते.
होळीनंतर एका रात्री
त्या तीन बोटांमधून वणव्याची रेघ
तिरकी चढत गेली, मी ब्रश हातात धरून
फेस वाळेपर्यंत बघत राहिले.

काचपट्टी बसवणारा येऊन गेला परवा.
माप चुकीचं आहे म्हणून परत पाठवला.
माप बरोबर होतं.
जूनमध्ये पाणी आत येईल म्हणाला.
येऊ दे. खाली बादली आहेच.