करण्याइतका वेळ

पुस्तिका मीच मराठीत आणली,
तेव्हा तक्रार करायची तर आरशाकडे.
अप्पा बळवंत चौकात स्पायरल मारून घेतल्या वीस प्रती,
पान चौतीसवर चहाचा डाग, तोही माझाच.

झेल पूर्ण कधी म्हणायचा?
चेंडू हातात पक्का हवा.
दोन्ही पाय रेषेच्या आत हवेत.
आणि मग खेळातली एखादी कृती,
म्हणजे वळणं, पाऊल टाकणं, चेंडू काखेत दडवणं,
किंवा ती करण्याइतका वेळ.

रेषेचं मला काही वाटलं नाही.
एकतीस वर्षं भूमी अभिलेखात काढली,
साखळी धरून हवेली, मुळशी पालथी घातली,
बांध कुणाचा, एवढंच विचारत.
इथे कुणीतरी ठरवून टाकलंय:
चुन्याची रेघ बाहेरची. टाच पांढरी झाली की गेलास.
बांध कुणाचाच नाही!
वाचलं त्या रात्री मी एकटीच हसले होते.

पण "इतका"?
इतकाला साखळी कुठून लावू?

फिरदोस, माझा जोडीचा पंच, कॅम्पातला,
म्हणतो, सोपं आहे, मनात म्हणायचं
एक खडकवासला.
शब्द पुरा झाला तर झेल.
मी म्हटलं, अरे, मी साताऱ्याची,
खडकवासला किती सावकाश म्हणते
ते कुठल्या कलमात घालू?

आणि मग आजचा रविवार, खडकीचं मैदान,
लिंबोळीसारखा तो चेंडू उन्हातून गरगरत आला,
ऋग्वेद शिळीमकर उडाला,
दोन हातांत घेतला, उजवा पाय, डावा पाय,
दोन्ही आत, मी वाकून पाहत होते,
आणि मेल्विन खांद्यानं आदळला.
चेंडू सुटला. घरंगळला. मेल्विनच्याच पोरांनी उचलला.

झेल झाला असेल, तर चेंडू त्यांचा.
झालाच नसेल, तर डाव तिथेच मेला.
म्हणून ज्यानं झेलला तो छातीवर हात ठेवून सांगतोय,
काकू, शप्पथ, मी झेललाच नाही,
आणि ज्यानं पाडला तो म्हणतोय,
काय देखणा झेल होता हो त्याचा!

ऋग्वेदनं काही केलं नव्हतं. वळला नाही, पाऊल टाकलं नाही.
पण कलम विचारतं,
करता आलं असतं का?
न घडलेल्या गोष्टीची लांबी मोजा, म्हणतं कलम,
आणि बावीस पोरं घामेजून
माझ्या शिट्टीकडे बघत उभी.

मी दोन्ही हात आडवे फिरवले.
नाही.

मेल्विन हेल्मेट काढून आला. भांडायला नव्हे,
खरंच विचारायला.
काकू, किती कमी पडला?
मी म्हटलं, वासला.
खडकपर्यंत आला होता.
तो हसला, मग हसायचा थांबला,
मग पाणी प्यायला गेला.

परतताना होळकर पुलाच्या अलीकडे सिग्नल लाल.
स्कूटर बंद केली. पिशवीत पुस्तिका, शिट्टी, अर्धी केळी.
उगाच मोजत बसले, एक खडकवासला, दोन खडकवासला,
आणि पौडजवळची ती मोजणी आठवली:
दोघं भाऊ, बांधाच्या अलीकडे एक, पलीकडे एक,
मी खुणेचा दगड रोवून घेतला, कागद दुमडला,
धाकट्यानं पाण्याची बाटली
थोरल्याच्या बाजूला थोडी सरकवली होती.
थोरल्यानं ती पाहिलीही.
मी साखळी गुंडाळत होते, एकेक कडी.
अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

मागून हॉर्न वाजले. हिरवा.

साखळी गुंडाळायला मला लागतात
निदान चाळीस खडकवासला.
सावकाश म्हटले तरी.