हात धुऊन

दिवसभर माझा धंदा तांब्याशी.
नळी कापायची, तोंड फुलवायचं, झाळायचं,
गॅस भरायचा, पुढची गच्ची.
ऑगस्टात मनामाच्या गच्चीवर पाना ठेवला
तर परत उचलायला फडकं लागतं.
खोलीवर आलो की कोपरापर्यंत हात धुतो,
साबणाने, मग नुसत्या पाण्याने,
मग पुन्हा नुसत्या पाण्याने.
शाजी विचारतो, ऑपरेशन आहे का कुणाचं?

तांब्याचा कण जरी पाण्यात उतरला
तरी त्या मरतात.

त्या म्हणजे एकवीस कोलंब्या,
नखाएवढ्या, पिकल्या मिरचीच्या रंगाच्या.
रोडेल कायमचा मनिलाला गेला
तेव्हा काचेची पेटी माझ्या उशाशी ठेवून गेला.
पाणी बघ, एवढंच म्हणाला.

आईला फोनवर दाखवल्या.
पडद्याला नाक लावून तिने पाहिलं :
"हो जवळो मरे झिला! कितक्याक घेतलंस वाटो?"
देवगडच्या बंदरावर जन्मभर तिने जवळा विकला,
मुठीने, वाट्याने, टोपलीने.
मोजला कधीच नाही.
मी रोज रात्री मोजतो.
कधी एकोणीस भरतात, कधी बावीस.

बहरीन म्हणजे दोन समुद्र, एक खारा, एक गोडा,
घरमालक बू-राशिद सांगतो.
त्याचा आजा खाऱ्या पाण्यात बुडी मारून
तळातल्या झऱ्याचं गोडं पाणी पखालीत भरायचा.
आता नळाला येतो तो समुद्रच, मीठ काढलेला,
आणि गच्चीवरच्या टाकीत चहाइतका तापलेला.
बादली दोन दिवस एसीसमोर ठेवायची,
मग सलाइनच्या नळीला गाठ मारून
पेटीत सोडायचं.
थेंब.
मग थेंब.
एकदम ओतलं तर कात अवेळी सुटते,
पाठीवर आडवी पांढरी रेघ उमटते.
रेघ दिसली की ती गेली, समजायचं.

मी इथे उतरलो तेव्हा रात्रीचे अडीच.
काचेचं दार सरकलं
आणि सगळी हवा एकदम अंगावर.
सकाळी सहाला गच्चीवर होतो.
मला कुणी गाठ मारून सोडलं नव्हतं.
जाऊ दे.

पहिल्याच आठवड्यात एक मेलेली दिसली.
चमच्याने काढली. रिकामी होती.
मिशा, पाय, डोळ्यांवरची झाकणंसुद्धा जागच्या जागी,
आत कुणी नाही.
जी होती ती बदामाच्या पानाखाली
मऊ होऊन बसली होती.
(पान अधलियाच्या फुटपाथवरचं. धुऊन, वाळवून.)
आता कात काढत नाही. त्याच खातात, चुना लागतो त्यांना.
बायकोने समुद्रफेनही पाठवला,
तो नेमका मालवणी मसाल्याच्या पिशवीत बांधून.
तीन वेळा उकळला
तरी खोलीला घरचा वास.

जुलैत एका रात्री लाइट गेली.
अख्ख्या बिल्डिंगचे एसी मी दुरुस्त करतो,
त्या रात्री काही म्हणजे काही करता येईना.
पाणी बत्तीसवर. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून
हळूच टेकवली.
शाजी आणि नियामत उघडेबंब,
पुठ्ठ्याने वारा घालत होते,
मला नाही, पेटीला.
पहाटे मोजल्या. अठरा.
कुणी काही बोललं नाही.

आता सुट्टीवर निघायचंय.
नियामतला पढवून ठेवलंय :
चार दिवसांतून उकडलेल्या पालकाचं एक पान.
दया आली तरी जास्त नको,
उरलेलं सडतं, दयेनेच मरतात.
झुरळांचा फवारा दाराबाहेरही नको.
आणि हात.
तो टाइल्सवाला, बोटांत सिमेंट मुरलेलं,
तरी सांगितलं.

घरी आई जवळा करील, कांदा, सोलं, तांदळाची भाकरी.
खाईन. मागून घेईन.
त्यात काय.

काल एकीच्या पोटाखाली अंडी दिसली,
राळ्याच्या दाण्यांसारखी, पिवळी.
दिवसरात्र पाय हलवून ती त्यांना वारा घालते,
झोपते कधी कळत नाही.
महिनाभर लागतो म्हणतात.
माझं विमान
बाविसाव्या दिवशी.